घरचा मिक्सर उघडून दुरुस्त कसा करावा

खान्देशातल्या मिक्सरला वर्षातला सर्वांत मोठा भार उन्हाळ्यात सोसावा लागतो. नंदुरबारच्या बाजारातून आलेली मिरची आणि घरी भाजलेले धणे डंकावर कुटायला जातात हे खरे. पण काळ्या मसाल्यासाठी काळसर होईपर्यंत भाजलेले सुके खोबरे, शेवभाजीच्या रश्श्याचा कांदा, लसूण-शेंगदाण्याची चटणी हे सारे मिक्सरमध्येच फिरते. त्याच दिवसांत जळगाव-भुसावळकडचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि मोटर थंड ठेवण्यासाठी जी हवा आत खेचली जाते ती मुळातच तापलेली असते. अशा वेळी मिक्सर बंद पडला की ‘मोटर जळाली’ असे म्हणून तो माळ्यावर ठेवला जातो किंवा भंगारात दिला जातो. माझे म्हणणे असे आहे की हे निदान बहुतेक वेळा घाईचे असते. कपलर (मोटर आणि भांडे यांना जोडणारा दातेरी भाग), कार्बन ब्रश (मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे), बुश (फिरणारा दांडा ज्यात बसतो ती कडी), बटण आणि वायर हे भाग झिजण्यासाठीच असतात, ते बदलता येतात आणि तालुक्याच्या गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळतात. मोटर खरोखर जळते तेव्हाही त्याचे मूळ पुष्कळदा मोटरीत नसून गळक्या भांड्यात असते.

ज्यांनी कधी प्लगची वायरही जोडलेली नाही त्यांनी हे काम जाणकार माणसाला शेजारी बसवून करावे. मिक्सर हमीच्या मुदतीत असेल तर तो मुळीच उघडू नये, कारण स्क्रू फिरल्याची खूण दिसली की हमी नाकारली जाऊ शकते.

स्क्रू फिरवण्याआधी निदान

मिक्सर नेमका कसा बंद पडला हे नीट आठवावे. चालता चालता गपकन थांबला, हळूहळू मंदावला, गुरगुरला पण फिरला नाही, की मोटर फिरत होती आणि पाते स्थिर होते? या चार तक्रारींची उत्तरे चार वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात.

गपकन थांबला असेल तर आधी तो दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. तिथेही चालला नाही तर प्लग काढून मिक्सर आडवा करावा आणि तळाशी असलेले लहानसे लाल बटण शोधावे. हे ओव्हरलोडचे बटण होय. ७५० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण सव्वातीन अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. पण खोबऱ्याचा तुकडा पात्यात अडकून मोटर जागीच थबकली तर हाच प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो, कारण फिरणाऱ्या मोटरीत प्रवाहाला विरोध करणारा जो उलट दाब निर्माण होत असतो, तो थबकलेल्या मोटरीत निर्माणच होत नाही. अशा वेळी आतली पट्टी तापून वाकते, जोडणी तुटते आणि बटण बाहेर येते. दहा-पंधरा मिनिटे थांबून, भांडे रिकामे करून ते बटण दाबावे. ते दाबूनही पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर दोष बटणाचा आहे असे लगेच मानू नये; ते आपले काम करत असते आणि आत काहीतरी जड फिरत असते. बटणाला चिकटपट्टी लावून किंवा त्याच्या दोन्ही वायरी थेट जोडून मिक्सर चालवण्याची जी युक्ती काही जण करतात, ती मोटर जाळण्याची हमखास वाट आहे.

कमी दाबाच्या विजेचाही येथे विचार करावा लागतो. ज्या खेड्यांत संध्याकाळी दिवे मंद होतात, तिथे मिक्सरचा वेग घटतो. भांड्यातला माल तेवढाच घट्ट असल्याने मोटरीला प्रवाह जवळपास पूर्वीइतकाच घ्यावा लागतो, पण तिच्याच शाफ्टवरचा (फिरत्या दांड्यावरचा) पंखा मात्र हळू फिरतो. परिणामी उष्णता तेवढीच तयार होते आणि बाहेर कमी जाते. दिवे मंद असताना सुके खोबरे किंवा भिजवलेली उडदाची डाळ मिक्सरमध्ये घालू नये.

मिक्सर गुरगुरत असेल पण फिरत नसेल तर प्लग काढून भांडे उचलावे आणि मोटरीवरचा कपलर बोटांनी फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला तर मोटर शाबूत असून भांड्याचा बुश आवळला आहे. भांडे उलटे करून त्याच्या तळाचा कपलर फिरवला की खात्री पटते. मोटरीचाच कपलर घट्ट असेल तर मात्र यंत्र उघडावे लागेल. उलटपक्षी मोटरीचा आवाज नेहमीपेक्षा चढा येत असेल आणि पाते फिरत नसेल तर कपलरचे दात गेले आहेत. ही सर्वांत सोपी दुरुस्ती असते.

वासही पुष्कळ सांगून जातो. जळक्या रबराचा वास कपलरचा असतो; डोक्यात जाणारा, लाखेसारखा करपट वास मोटरीतल्या तारेच्या वेटोळ्यांवरच्या वार्निशचा असतो आणि तो खरी चिंता करण्यासारखा असतो.

उघडताना

प्लग सॉकेटमधून काढून तो डोळ्यांसमोर राहील असा ठेवावा. केवळ भिंतीवरचे बटण बंद करण्यावर विसंबू नये, कारण जुन्या घरांत बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडलेले असू शकते आणि तेव्हा बटण बंद असूनही आत वीज असते. पुष्कळ मिक्सरमध्ये रेडिओ-टीव्हीची खरखर टाळण्यासाठी एक लहान कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो. त्यात साठलेली वीज प्लगच्या पिनांना बोट लागले तर चटका देऊ शकते, म्हणून प्लग काढल्यावर मिक्सरचे बटण काही क्षण तीनवर फिरवून ठेवावे म्हणजे ती वेटोळ्यांतून निघून जाते.

साधने फार लागत नाहीत. फुली आणि चपट्या तोंडाचे स्क्रूड्रायव्हर, एक पकड, साधा मल्टिमीटर, जुना टूथब्रश, बारीक काचकागद, शिलाई मशीनचे तेल, सुटे स्क्रू ठेवायला स्टीलचे ताट आणि फोटो काढायला मोबाईल एवढ्यावर काम होते.

मिक्सर जुन्या सुती कापडावर उलटा ठेवावा. स्क्रू पुष्कळदा रबरी पायांच्या आत दडलेले असतात. ते सापडले नाहीत म्हणून तळाची झाकणी उचकटू नये. लहान-मोठ्या लांबीचे स्क्रू एकाच यंत्रात असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तो वेटोळ्याला टोचू शकतो, त्यामुळे ताटात ते ज्या मांडणीत निघाले त्याच मांडणीत ठेवावेत. तळाची झाकणी सुटल्यावर ती झटक्याने ओढू नये, कारण ओव्हरलोडचे बटण तिच्यावरच बसवलेले असते आणि त्याच्या वायरी आखूड असतात. एकही वायर सोडण्याआधी बटणाचे, ब्रशचे आणि अर्थिंगच्या जोडणीचे जवळून फोटो घ्यावेत.

आत पहिल्यांदा दिसते ती काळी भुकटी. ती कार्बन ब्रश झिजून पडलेली असते आणि ती वीजवाहक असते; तिचा थर फार साठला तर मोटरीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत वीज झिरपू शकते. आपल्याकडच्या मिक्सरमध्ये तिच्यासोबत आणखी एक गोष्ट हमखास सापडते. वरच्या बुशाभोवती, कपलरच्या अगदी खाली, लालसर-तपकिरी रंगाचा कडक थर जमलेला असतो. नखाने खरवडला तर तेलकट लागतो आणि नाकाजवळ नेला तर मिरचीचा ठसका लागतो. भांड्याच्या गळक्या बुशातून उतरलेला मसाला पाणी आणि तेलासह तिथे वाळत राहतो, बुशातले तेल शोषून घेतो आणि शाफ्ट आवळतो. मोटर जड फिरू लागते ती येथून. हा थर टूथब्रशने आणि किंचित स्पिरिट लावलेल्या कापडाने काढावा, तोंडावर रुमाल बांधावा आणि हे काम अंगणात करावे, कारण मिरची आणि कार्बन यांची मिसळलेली धूळ डोळ्यांत गेली तर फार त्रास देते.

कार्बन ब्रश आणि कम्युटेटर

मिक्सर चालू-बंद चालू-बंद होत असेल, धक्का दिला की चालत असेल, किंवा हवेच्या फटीतून नेहमीपेक्षा मोठ्या ठिणग्या दिसत असतील तर आधी ब्रश पाहावेत. मोटरीच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन पितळी खोबणी असतात आणि त्यांत कार्बनचे चौकोनी तुकडे बसलेले असतात. त्यांना मागून दाबून धरणारी स्प्रिंग काही मोटरींत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते. ती हळूच उचलून बाजूला करावी, नाहीतर उडून हरवते. ब्रशची लांबी ५-६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली असेल, त्याची कड तुटली असेल किंवा तो खोबणीत अडकून बसत असेल तर तो बदलावा. एकच ब्रश संपलेला दिसला तरी दोन्ही बदलावेत, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहतो. जुना ब्रश दुकानात नमुन्यासाठी न्यावा. किंचित जाड असलेला नवा ब्रश काचकागदावर घासून खोबणीत सरकेल इतका बारीक करता येतो, परंतु सैल बसणारा ब्रश कोणत्याही उपायाने नीट चालत नाही. जुनेच ब्रश परत बसवायचे असतील तर ज्या बाजूचा त्याच बाजूला आणि त्याच तोंडाने बसवावा, कारण त्याचा वक्र भाग कम्युटेटरच्या गोलाईला सरावलेला असतो.

ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग म्हणजे कम्युटेटर. त्याचा रंग गुळगुळीत तपकिरी असेल तर तो निरोगी आहे आणि त्याला चकचकीत करण्याच्या मोहात पडू नये. काळा, खडबडीत किंवा चरे पडलेला असेल तरच बारीक काचकागदाची पट्टी त्याच्याभोवती धरून आर्मेचर (मोटरीचा फिरणारा भाग) हाताने फिरवत साफ करावा. लोखंड घासण्याचा काळा एमरी कागद येथे वापरू नये. त्याचे कण वीजवाहक असतात आणि ते पट्ट्यांमधल्या फटींत रुतले तर शेजारच्या दोन पट्ट्या जोडल्या जातात. घासून झाल्यावर प्रत्येक फट लाकडी काडीच्या टोकाने मोकळी करावी.

आता आर्मेचर खरोखर गेले आहे का, हे मल्टिमीटरने पाहता येते. मीटर सर्वांत कमी ओहमच्या पट्टीवर ठेवून लगतच्या दोन-दोन पट्ट्यांमधला रोध (विजेला होणारा अडथळा) क्रमाने मोजत पूर्ण फेरी करावी. सर्व आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एखाद्या जोडीत आकडा एकदम चढला तर तिथली तार तुटली आहे. त्यानंतर मीटरचे एक टोक शाफ्टवर आणि दुसरे प्रत्येक पट्टीवर ठेवावे. येथे कुठेही जोडणी दिसता कामा नये. दिसली तर वीज शाफ्टमार्गे भांड्यापर्यंत येऊ शकते आणि असा मिक्सर एकदाही चालवू नये. वेटोळ्यांतला अंतर्गत शॉर्ट साध्या मीटरला नेहमी कळत नाही. पण कम्युटेटरभोवती चालताना निळसर-पिवळ्या ठिणग्यांचे पूर्ण कडे दिसत असेल आणि वार्निश काळे पडले असेल तर निष्कर्ष काढायला तेवढे पुरते. आर्मेचर घरी वाइंडिंग करण्याचा प्रयत्न करू नये. बिनभाराचा मिक्सर मिनिटाला १८,००० फेऱ्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त फिरतो आणि त्या वेगाला समतोल साधलेले आर्मेचरच टिकते. तयार आर्मेचर मिळते. त्याची आणि मजुरीची बेरीज नव्या मिक्सरच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर मी नवाच घ्यावा असे सांगेन.

एक खूण लक्षात ठेवावी. मिक्सर तीनवर चालतो पण एकवर चालत नाही, असे झाले तर मोटर जळालेली नसते. पुष्कळ मिक्सरमध्ये वेग बदलण्यासाठी फील्ड कॉइलमधून (आर्मेचरभोवतीच्या स्थिर वेटोळ्यातून) मधूनमधून वायरी काढलेल्या असतात आणि कमी वेगाला जास्त वेढे वापरले जातात. तेवढ्याच भागाची तार किंवा बटणातला एक संपर्कबिंदू गेलेला असतो. काही मिक्सरमध्ये या कामाला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, तो बदलला की काम होते. फिरते बटण स्वतः उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही. तितक्याच पिनांचे आणि तितक्याच अँपिअरचे नवे आणून फोटोप्रमाणे एकेक वायर हलवावी.

बुश, तेल आणि कपलर

आर्मेचर दोन्ही टोकांना पितळी रंगाच्या सच्छिद्र बुशांत फिरते. बुशाभोवती तेल शोषणारा नमद्याचा तुकडा असतो. त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत, जास्त नाही, कारण उडालेले तेल कम्युटेटरवर गेले की कार्बनच्या भुकटीशी मिसळून चिकट लेप तयार होतो. शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल कधीही घालू नये; उष्णतेने ते घट्ट होऊन बुश आवळते. शाफ्ट आडवा हलवल्यावर स्पष्ट खडखड जाणवत असेल तर बुश झिजला आहे आणि तो बदलल्याशिवाय मिक्सर चालवू नये, अन्यथा आर्मेचर भोवतालच्या लोखंडाला घासते. शाफ्टवरच्या पातळ फायबर वॉशर ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने परत चढवाव्यात.

कपलर काढताना पुष्कळांची ताकद उलट्या दिशेने खर्च होते. साधा नियम असा आहे की मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने कपलर फिरवला की तो सुटतो, कारण चालताना भाराने तो उलट दिशेला आवळला जाईल अशीच आट्यांची दिशा ठेवलेली असते. मोटरीची दिशा ठाऊक नसेल तर भांड्यातले पाते पाहावे. धारेची कड ज्या बाजूला पुढे जाते ती फिरण्याची दिशा. शाफ्ट स्थिर धरण्यासाठी त्याच्या खालच्या टोकाला पुष्कळ मोटरींत स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच असते. नवा कपलर चढवण्याआधी खालची वॉशर आणि पाणी अडवणारी रबरी टोपी विसरू नये. दुकानदार ती पुष्कळदा आपणहून देत नाहीत, म्हणून जुनी जपून ठेवावी किंवा मागून घ्यावी.

भांडे

मोटर दुरुस्त करून गळके भांडे तसेच ठेवले तर सगळे श्रम वाया जातात. भांड्यात पाणी भरून ते कोरड्या वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवावे. कागद ओला झाला किंवा नारळाच्या चटणीत राखाडी-काळी रेष दिसू लागली तर बुश संपला आहे. पात्याला जाड कापडाने घट्ट धरावे, कारण त्याची धार बोट सहज कापते, आणि तळाचा कपलर फिरण्याच्या उलट दिशेला वळवावा. आतला बुश, शाफ्ट आणि रबरी वॉशर यांचा संच भांड्याच्या मापाप्रमाणे मिळतो. बुश ठोकून बसवायचे भांडे असेल तर ते दुकानातच द्यावे. तो किंचित तिरपा बसला तरी पाते भांड्याला लागते.

जोडणी आणि चाचणी

वायर बदलायची झाल्यास तीन तारांची, आयएसआय चिन्हाची घ्यावी आणि अर्थिंगची हिरवी तार मोटरीच्या लोखंडी सांगाड्याला पुन्हा पक्की जोडावी. मोटरीजवळच्या जोडणीवर साधी चिकटपट्टी उष्णतेने सुटते. तिथे सोल्डरचा डाग देऊन वर उष्णता सोसणारी नळी चढवावी. एकही तार पंख्याच्या वाटेत राहिलेली नाही हे पाहून मगच झाकणी लावावी.

प्लग लावण्यापूर्वी तीन मोजण्या करण्याचा मी आग्रह धरतो. फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये, बटण तीनवर असताना, काही ओहम ते काही दहा ओहम इतका रोध यावा. शून्य आला तर शॉर्ट आहे, काहीच आला नाही तर जोडणी राहिली आहे. या दोन्ही पिना आणि शाफ्ट यांच्यामध्ये कोणतीही जोडणी दिसू नये. अर्थची मोठी पिन आणि मोटरीचा सांगाडा यांच्यामध्ये मात्र पूर्ण जोडणी दिसावी. त्यानंतर भांडे न लावता कपलर हाताने फिरवून पाहावा.

पहिली चाचणी भांड्याशिवाय, एकच्या वेगावर, काही सेकंदांची घ्यावी. भांडे लावल्याशिवाय चालूच न होणारे मिक्सर असतात. त्यांना रिकामे भांडे लावावे. नवे ब्रश असतील तर सुरुवातीला थोड्या ठिणग्या दिसतात. मिनिटभर चालवणे आणि तेवढेच थांबवणे असे काही वेळा केल्यावर ब्रशला कम्युटेटरचा आकार येतो आणि त्या कमी होतात. कमी होण्याऐवजी वाढल्या तर प्लग काढून ब्रश सरळ बसले आहेत का ते पुन्हा पाहावे. मग भांड्यात अर्धे पाणी घालून चालवावे, तळाशी हात फिरवून गळती तपासावी आणि शेवटी मूठभर भाजलेले शेंगदाणे कोरडेच फिरवावेत. सुके खोबरे पहिल्या दिवशी घालू नये. घालाल तेव्हा खोबरे किसून किंवा बारीक तुकडे करून, अर्ध्या भांड्यापेक्षा कमी आणि थांबत थांबत फिरवावे.